कधीपासून दुखतंय?

आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाड्या मिठाचं एक पोतं असायचं. ते आईच्या माहेरचं, उरणकडच्या मिठागरातलं. बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा ते मिठागरही गेलं, आणि शेवटच्या हंगामातलं हे पोतं मामानं टेम्पोत घालून पनवेलला आणून टाकलं. एवढ्या मिठात अख्ख्या पनवेलचं लोणचं होईल, असं बाबा आईला चिडवायचे. ती नुसती हसायची. दुपारी बाबा कामावर असले की ती त्यातलं ओंजळभर मीठ तव्यावर तापवायची, फडक्यात बांधायची आणि पुरचुंडी बरगडीखाली धरून भिंतीला टेकून बसायची. मला वाटायचं, जेवण झालं की सगळ्याच आया अशा बसतात. त्या तापल्या फडक्याचा वास कुठे आला तर आजही मला आमच्या त्या दोन खोल्या आठवतात.

बाबा भाताच्या गिरणीत हिशेब लिहायचे. गिरणीत आजारपणासाठी काही मिळायचं नाही, त्यामुळे एका ओळखीच्या एजंटानं मेडिक्लेमचा विषय काढला तेव्हा बाबांना कोण आनंद झाला. आमच्या आळीत विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारे पैसे. आजारी पडल्यावर मिळणारे, ही नवलाईच होती. शेजारच्या काकूंनी तर आम्ही दुखण्याला घरी जेवायला बोलावतोय, असं जाहीर करून टाकलं.

बाबांनी माहितीपत्रक पाठ केलं आणि जेवताना आमची शिकवणी सुरू झाली. हप्ता दरवर्षी भरायचा, नाहीतर विमा बंद. विम्याची रक्कम म्हणजे वर्षभरात जास्तीत जास्त मिळतील तेवढे पैसे. दवाखान्यात दाखल झालं तरच ते मिळणार, सर्दीच्या गोळ्यांचे नाहीत. आणि आधी आपण भरायचे, बिलं जपायची, कंपनी मग देणार. त्यांचं सगळ्यात लाडकं कलम म्हणजे आधीपासूनचा आजार. विमा घ्यायच्या आधीच जे दुखणं अंगात आहे, त्याचे पैसे मिळत नाहीत. "गोदामाला आग लागल्यावर त्याचा विमा उतरवता येतो का?" ते विचारायचे, आणि आम्ही दोघी बहिणी एका सुरात नाही म्हणायचो.

एजंट घरी आला त्या दिवशी त्यानं कुणाला काही आजार आहे का, असं विचारलं. आमच्याकडे कुणी आजारी पडतच नाही, असं बाबांनी छाती फुगवून सांगितलं. तरी त्यानं आईला बोलावलं. ती दारात आली, मान हलवून नाही म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली. बाईनं आपलं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, हे तिच्या माहेरी मुलींना लहानपणीच शिकवत. नवऱ्यापाशीही काढायचं नाही, हे कुणी न सांगताच कळायचं.

दोन वर्षांनी, मी नववीत असताना, एका रविवारी दुपारी आई जेवून उठली ती मोरीपाशी पोट धरून खालीच बसली. बाबांनी रिक्षा आणली. दवाखान्यात कळलं की पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करावं लागेल. बाबा घाबरले होते, पण पॉलिसी पिशवीत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला ते आमचा विमा आहे म्हणून सांगत होते. बँकेतले पैसे जवळच्या विचुंबे गावात घरासाठी प्लॉट घ्यायला ठेवलेले होते. पेरूचं झाड कुठे लावायचं, इथपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

डॉक्टर ओळखीचे. खाटेशेजारी स्टूल ओढून त्यांनी विचारलं, "वहिनी, कधीपासून दुखतंय?"

आईनं बाबांकडे पाहिलं. कळांनी थकली होती म्हणून असेल, किंवा आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणून असेल, ती बोलली.

"आमचा मिठागर बंदरान गेला ना, तवापासून. जेवले का दुखतं. मीठ तापवून धरते, मग जरा बरं वाटतं."

मिठागर गेलं तेव्हा मी चौथीत होते. विमा घेतला तेव्हा सातवीत. हे गणित बाबांना माझ्या आधी सुटलं असणार. डॉक्टरांनाही सुटलं. त्यांनी पेन थांबवलं आणि हळूच म्हणाले, की पंधरा दिवसांपासून असं लिहितो, नाहीतर कंपनी एक पैसा देणार नाही. आईनं लगेच मान डोलावली. "हां, तसाच लिवा. पंधराच दिवस झाले."

बाबा काही संत नव्हते. गिरणीच्या हिशेबात कुठे काय झाकायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते हो म्हणणार, असंच मला वाटलं. पण ते आईकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"तिनं आधी सांगितलं तेच लिहा, डॉक्टर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललीय ती."

विम्याचे पैसे मिळाले नाहीत, ऑपरेशन बँकेतल्या पैशांवर झालं. प्लॉट दुसऱ्या कुणी घेतला. उरलेल्या मिठात बाबांनी हौसेनं कैऱ्या घालायला लावल्या आणि शेजारीपाजारी बरण्या वाटल्या. विमा मात्र त्यांनी सोडला नाही. दरवर्षी हप्ता भरायच्या दिवशी ते आईला स्वयंपाकघरातून बोलवायचे, खुर्चीत बसवायचे आणि एजंटासमोर विचारायचे, सांग, काय काय दुखतं? ती लाजत लाजत सुरू व्हायची आणि मग थांबायची नाही. एजंटाचा चहा गार व्हायचा. त्या संध्याकाळी आम्ही फार हसायचो.

बाबा गेले त्या वर्षी हप्त्याला मी घरी होते. एजंटानं विचारलं तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "नाय, मना काय नाय," आणि आत गेली. मी तिच्या मागून गेले, हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिला आणून बाबांसारखंच खुर्चीत बसवलं. तिनं ओले हात पदराला पुसले.

"गुडगा दुखतो," ती म्हणाली. "हे गेल्यापासून."