पंचवीस सेंटीमीटरची बेरीज

सरकारी कागदांवर ‘पातळी-निरीक्षक’ असे भारदस्त पदनाम मिरवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे पट्टीवालेच म्हणत. रोज सकाळी आठ वाजता एकोणीस पायऱ्या उतरून नदीत रोवलेल्या खांबावरची पट्टी वाचायची आणि आकडा नोंदवहीत उतरवायचा, हे काम त्यांनी सव्वीस वर्षे इमानेइतबारे केले. त्याबद्दल खात्याने त्यांना काय दिले, तर दर तीन वर्षांनी एक छत्री.

चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाला धरण झाले आणि खालची पाणथळ आटू लागली. तिच्या काठी त्यांची थोरली बहीण राहत असे. लव्हाळ्याच्या चटया विणून तिने मुलीला शिकवले होते. ती मुलगी आता उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याचा पसारा मोजी. नदी किती चढली म्हणजे पाणथळ भरते, हे चित्रे आणि मामांच्या नोंदी जुळवून सिद्ध केले, तर धरणाला दरवर्षी तेवढे पाणी सोडणे भाग पडणार होते. सुनावणी आठवड्यावर आली होती.

“मामा, नदी चार मीटरला पोचली की पाणथळ भरते. एकेचाळीस चित्रं बरोबर जुळतात. तीनच हट्टाला पेटलीत. चित्रात पाणी तुडुंब, आणि तुमच्या वहीत पावणेचार!”

“तारखा सांग बघू.”

तारखा मामांनी लगेच ओळखल्या. त्या दिवसांत पाय मोडल्यामुळे ते अंथरुणाला खिळले होते. पट्टी बदली माणूस वाचत होता.

“त्याचं काही चुकलं नाही गं. चूक पट्टीची आहे. अकरा वर्षांपूर्वी पुरानंतर ठेकेदारानं ती पंचवीस सेंटीमीटर वर ठोकली, म्हणून आकडा तेवढा कमी दिसतो. मी रोज मनातल्या मनात तेवढे मिळवून लिहितो.”

“आणि हे कुठं लिहून ठेवलंत?”

“वहीत शेऱ्याचा रकानाच नाही. खात्याला नऊ पत्रं धाडली.”

“धन्य आहे तुमची, मामा!”

सुनावणीत तिने काहीही झाकले नाही. त्या तीन नोंदींत पंचवीस मिळवले की चव्वेचाळीसही चित्रे जुळतात, हे तिने पडद्यावर दाखवून दिले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला.

“म्हणजे गेल्या अकरा वर्षांच्या नोंदी पट्टीच्या नाहीत, यांच्या मनाच्या आहेत?”

मामांनी नऊ पत्रांच्या प्रती पुढे केल्या. खात्याच्या आवक वहीत त्यांतल्या एकाचीही नोंद सापडली नाही. पुरावा अविश्वसनीय ठरला. नवी पट्टी बसवून दहा वर्षे फेरनिरीक्षण करावे, आणि तोवर निरीक्षकाने डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहावे, असा आदेश निघाला.

“दहा वर्षं!” बाहेर आल्यावर बहीण म्हणाली. “अरे, नऊ पत्रं लिहिलीस, त्यापेक्षा एकदा जाऊन त्यांच्या टेबलावर हात का नाही आपटलास?”



पुढच्या महिन्यात एके सकाळी नदी चढली. नवी पट्टी अर्थातच आलेली नव्हती. जुनीवर तीन पंचाहत्तर दिसत होते. म्हणजे खरे चार. म्हणजे या क्षणी खाली बहिणीच्या लव्हाळ्यात पाणी शिरत होते आणि आकाशातून त्याचे चित्रही निघत असेल. पट्टीवाल्यांनी पेन उघडले, बराच वेळ धरून ठेवले, आणि आदेशाप्रमाणे तीन पंचाहत्तर लिहिले.