बद वाजलं की उतरा

मोखाड्याच्या बाजारात कुंभारणी आमच्या हिला लांबून ओळखायच्या, आणि ओळखलं की मडक्यांवर गोणपाट टाकायच्या. ही घ्यायची एक मडकं आणि वाजवायची ढीगभर. बोटाचं पेर वाकवून टक करायची, कान पुढं न्यायची, पुन्हा टक. टण्ण आलं तर मडकं बाजूला, बद आलं तर परत ढिगात. वर मोठ्यानं सांगायची, "ह्याच्या पोटात तडा हाय." मग शेजारचं गिऱ्हाईकही हातातलं मडकं खाली ठेवायचं. एका कुंभारणीनं तिला एक मडकं फुकट देऊ केलं होतं, फक्त दुसरीकडं जा म्हणून. हिनं तेही वाजवून घेतलं.

तिचं नाव मी लिहीत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही अडखळत. पुढं 'अगं' म्हटलं तरी काम व्हायचं. स्टँडवरचे जीपवाले मात्र तिला आरटीओ म्हणायचे. मीही म्हणायचो, पण ती जवळपास नाही हे बघून.

माझी जीप मोखाडा-खोडाळा चालायची. मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. हिला गाडीतलं काही कळत नव्हतं. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, हे तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही. पण कान असा की चुलीपुढं बसून अंगणातली गाडी ओळखायची. एकदा मी घरी आलो, तर पाणी द्यायच्या आधी म्हणाली, "दार हल्ली उचलून लावता तुम्ही." मी म्हटलं, बिजागरी झिजली असंल. ती म्हणाली, बिजागरी झिजली की दार रोज कुरकुरतं, हे फक्त गाडी उतारावर उभी केली की कुरकुरतं. मी जेवायला वाढ म्हटलं. बायकोनं गाडीतलं सांगावं आणि मी ऐकावं, इतकी माझी अक्कल तेव्हा पिकली नव्हती.

थोड्याच दिवसांत सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावरून लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. नवरीच्या घरचे लोक आमच्या अंगणातच जमले. आत बायका-पोरं कोंबून बसली, मागं लटकायला पुरुष तयार झाले, आणि मी चावी फिरवणार तेवढ्यात ही खलबत्त्यातला बत्ता घेऊन बाहेर आली. पदर खोचला आणि सरळ जीपखाली शिरली. आतून एक म्हातारी म्हणाली, "मामी, हळद कुटायची ऱ्हायली का काय?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

खालून आवाज यायला लागला. टण्ण. टण्ण. टण्ण. पुढच्या चाकापासून मागं सरकत आली. मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, हँगर जिथं चासीला, गाडीच्या सांगाड्याला, धरतो, तिथं आली आणि बद. पुन्हा मारलं, पुन्हा बद. बाहेर आली तेव्हा केसांत चिखल होता. माझ्याकडं बघितलंही नाही, वऱ्हाडाला म्हणाली, "उतरा. बद वाजलं की उतरायचं."

मी म्हटलं, चिखल असंल गं, चिखलानं आवाज मरतो. "मग खरवडा," म्हणाली आणि विळा हातात दिला. मी खरवडला. खाली पत्र्यावर चहाच्या डागासारखी तांबूस रेघ होती, बोटभर. तड्यातून गंज बाहेर आला होता. हसणारे सगळे गप उतरले. नवरीचा मामा सोडून. तो म्हणाला, एवढ्याशा रेघेनं गाडी पडत नसते. ही म्हणाली, "मडकं पण एवढ्याशाच रेघेनं गळतं, पावनं. फक्त घाटात खाली चूल नसते, दरी असते." वऱ्हाड रस्त्यापर्यंत चालत गेलं आणि दुसरी गाडी पकडली. जाताना शिव्या दिल्या त्या मला. बत्तेवाल्या बाईला शिव्या द्यायची कुणाची छाती झाली नाही.

जीप रिकामी, हळूहळू चालवत जव्हारला वेल्डरकडं नेली. ही बरोबर. मला वाटलं होतं, वेल्डर एक टाका मारील आणि सुटलो. त्यानं ती जागा रॉकेलनं पुसली, फडक्यानं कोरडी केली आणि माझ्याच तंबाखूच्या डबीतला चुना वर चोळून वाळू दिला. थोड्या वेळानं तड्यात मुरलेलं रॉकेल चुन्यावर फुटलं. बोटभर दिसणारी रेघ वीतभर निघाली, आणि पार रिव्हेटच्या भोकापर्यंत पोचलेली. हिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उगाच टायरची हवा तपासायला गेलो.

मग वेल्डरनं ड्रिल काढलं आणि रेघ जिथं संपत होती तिथं भोक पाडायला लागला. हिला ते सहन झालं नाही. फुटक्या भांड्याला कुणी भोक पाडतं का, म्हणून तिनं त्याचा हातच धरला. तो पोरगा शांत होता. म्हणाला, "मावशी, तडा धावत असतो. वरून नुसतं वेल्डिंग मारलं तर तो पुढं पळतो, महिन्याभरात वेल्डिंगच्या पलीकडं निघतो. टोकाला गोल भोक पाडलं की त्याला धावायला टोकच ऱ्हात नाय." हे ऐकून ही टायरवर बसली ती उठलीच नाही. भोक झालं, रेघ ग्राइंडरनं खोल करून वेल्डिंगनं भरली, वर तिरक्या कडांची पट्टी बसली. बघू नका, डोळे जातील, असं तो सांगत होता. हिनं पदर डोळ्यांवर घेतला आणि पदरातून बघितलं. पुढं दोन दिवस डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून पडली होती आणि तशीच मला ऐकवत होती की काम चांगलं झालं.

काम झाल्यावर निघायच्या आधी हिनं पिशवीतून बत्ता काढला. वेल्डर हसला. मी सांगितलं, हसू नको, ही पास करील तेव्हाच गाडी हलंल. तिनं वाजवलं. टण्ण. "पास," म्हणाली. ही गोष्ट मीच स्टँडवर सांगितली आणि तिचं नाव आरटीओ पडलं.

ते भोक मात्र तिनं घरी आणलं. घरात कुणाचं भांडण लागलं, माझं आणि किसनचं, म्हणजे आमच्या मुलाचं, की ती दोघांच्या मध्ये उभी राहायची आणि म्हणायची, "आता हितंच भोक पाडा." म्हणजे, झालं तेवढं झालं, पुढं धावू देऊ नका. पाहुण्यांना काही कळायचं नाही. पुढं सूनही शिकली.

मागच्या वर्षी तिला दम लागायला लागला. दवाखान्यात डॉक्टरनं तिला पुढं वाकवलं, पाठीवर एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं त्यावर टकटक करत खाली आला. ही माझ्याकडं बघून हसली. "बघा ओ, हा पण मडकीच वाजवतो." डॉक्टर एका जागी थांबला, तिथं दोनदा वाजवलं. तिनं विचारलं, कसा आवाज आला? तो म्हणाला, फोटो काढू, मग सांगतो. तिला फोटो कशाला पाहिजे. आयुष्यभर तेच ऐकलेलं तिनं. "बद," तीच म्हणाली, आणि पोलक्याची बटणं लावली.

भात कापणीला आला तेव्हा ती गेली. मला रडून दाखवता येत नाही. मी जीप चालवत राहिलो. किसन म्हणायला लागला, बाबा, विकून टाका, भंगारवाला न्यायला तयार हाय. मी म्हटलं, माझ्या आधी ती जीप जाणार नाही. एक दिवस ते फार वाढलं. तो म्हणाला, गाडीनं आई परत येणार नाय. मी जे बोललो ते लिहीत नाही. सून भाकऱ्या थापत होती. तिनं तोंड वर न करताच म्हटलं, "मामा, हितंच भोक पाडा." किसन बाहेर निघून गेला. मी मग उठलो आणि खलातला बत्ता घेतला.

या वयात जीपखाली शिरणं सोपं नाही. पुढून सुरुवात केली. टण्ण, टण्ण. तिची पट्टी आली, तीही टण्ण. मला बरं वाटलं, किसनला हाक मारावी असं वाटलं. मग दुसऱ्या बाजूच्या हँगरशी आलो. तिथं मी बराच वेळ वाजवत राहिलो. चिखल खरवडला, पुन्हा वाजवलं. पुसून घेतलं, पुन्हा वाजवलं. गंजानं पत्रा पापुद्र्यासारखा निघत होता. भोक पाडायला टोक कुठं, हेही कळेना.

बाहेर आलो आणि किसनला म्हटलं, बोलाव त्याला.

भंगारवाला आला, त्यानं इंजिन चालू करून बघितलं. म्हणाला, "काका, इंजिन मस्त हाय की. अजून दोन वर्षं शीटं मारता येतील. कशाला काढता?"

"इंजिन घे, चाकं घे. पण हिच्यात माणूस बसवू नको," मी म्हटलं. "आरटीओनं पास केली नाही."

"कुठल्या आरटीओनं?"

बत्ता अजून माझ्या हातातच होता. तो मी सुनेकडं दिला आणि म्हटलं, धुऊन ठेव.