‘आ मोठा कर!’

दवाखान्यात किस्से साठत जातात. उपटलेला दात निदान ट्रेमध्ये टाकता येतो. किस्सा डोक्यात राहतो आणि डोकं तापवतो!

मी गडचिरोलीत एका सीनियर डेंटिस्टच्या हाताखाली काम करते. माणूस खुर्चीत टेकला, की सरांची गर्जना ठरलेली : "आ मोठा कर!" तोंड असं फाडलं, की खालचा जबडा दोन्ही बाजूंनी केसभर आत दबतो. एका कॅपला फरक पडत नाही. पण पडलेल्या दातांच्या जागी या दाढेपासून त्या दाढेपर्यंत नकली दातांचा अखंड ब्रिज बसवला, तर हाड वाकतं, धातू वाकत नाही आणि मधल्यामध्ये आधाराचे दात ओढले जातात. म्हणून माप तोंड जेमतेम उघडून घ्यायचं आणि ब्रिज मधोमध दोन भागांत करायचा.

सरांना हे सांगितलं, तर म्हणाले, "जबडा का रबराचा हाय, पोरी? पुस्तकं कमी वाचत जाय!"

*

जिवतीचे एक भजनीबुवा. तान लांबली, की सरांनी बसवलेला खालचा अखंड ब्रिज सुटायचा. सरांनी ब्रिज चिकटवायच्या सिमेंटची कंपनी बदलली. पुन्हा सुटला!

"तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन राह्यले असान तुमी," सर म्हणाले.

"जन्मात खाल्ला नाई जी!"

"मंग भजन कमी करा."

*

शेवंताबाई धानोऱ्याच्या बाजारात मासे विकते. तिचाही ब्रिज सरांचाच, अखंड.

"जेवताना काई नाई जी, डॉक्टरीनबाई. पन 'मासेऽऽ' म्हनून वरडलं का दात आवळून धरते."

"तं हळू वरड," सर म्हणाले.

"मासे का कानात सांगून इकू?"

*

पुढच्या खेपेला तिचा आधाराचा दात हलत होता. मी सरांना म्हटलं, "ब्रिज काढून दोन भागांत करू या. नाहीतर हा दातही जाईल."

"माह्यं काम तोडतं? मी खुर्चीवर हावो तोवर नाई!"

दात तिचा, हट्ट यांचा! तरी मी तिला सोमवारी पुन्हा बोलावलं.

*

त्याच सोमवारी सर स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसले. त्यांचाच खालचा ब्रिज करायचा होता. पडद्यापलीकडे शेवंताबाई थांबली होती.

मी मापाचा ट्रे उचलला आणि मनसोक्त ओरडले, "आ मोठा करा!"

सरांनी ट्रे शिरेल एवढंच तोंड उघडलं.

"अजून मोठा, सर!"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. माप झालं, चूळ भरली, दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "दोन भागात करजो."

पडद्यापलीकडून आवाज आला, बाजारात असतो तसाच, "माह्याबी तसाच करा जी!"