न मिटणारा चाकू

समस्त रत्नागिरीकरांना कळवण्यात येते की, एका चैत्रात मी शस्त्रधारी होण्याचा निर्धार केला. कचेरीत कैरी कापायला हेडक्लार्कांचा चाकू मागावा लागे आणि मोठी फोड ते स्वतःकडे ठेवत.

खिशात आठच आणे होते. मांडवीला एका जुन्या खलाशाचं दुकान होतं, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी लाकडी मुठीचा, मिटायचा चाकू काढला. "आठ आण्यांत हाच. आधी कापून बघ."

मी पिशवीतली कैरी कापली. फोडी झकास पडल्या. चाचांनी मीठ लावलं, दोघांनी खाल्ल्या. मग पातं मिटायला गेलो, तर हलेना.

"चाचा, हा मिटत नाही. खिशात ठेवू कसा?"

चाचा फोड चघळत म्हणाले, "आता आंबे सुरू होतील. मिटायला तुला सवड कुठाय?"