आधी सा, मग फी

शिकवणीवाल्यांच्या घरात दोनच गोष्टी फुकट साठतात, खडूचे तुकडे आणि किस्से. खडू आम्ही दिवाळीच्या साफसफाईत फेकून देतो. किस्से मात्र फेकवत नाहीत. चार जण चहाला बसलो की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि घरी जायची वेळ कधीच टळून गेलेली असते.

आमचा कंपू चौघांचा. मी मराठी शिकवते. मराठी काय शिकवायची, असं विचारू नका. मीरा रोडच्या निम्म्या इंग्लिश मीडियमवाल्या आया मला एकच सांगतात, "टीचर, बस पास करा दो!" कांबळे सर परभणीकडचे, गणित-सायन्सवाले. बाळा भोईर जवळच्या राई गावचा, सोसायट्यांच्या पूलमध्ये पोरांना पोहायला शिकवतो. आणि शुभदाताई आमच्यात वयानं मोठ्या, गोडदेवला भाड्याच्या खोलीत गाणं शिकवायच्या. दुपारी शाळा सुटायच्या आधी आम्ही सगळेच रिकामे, म्हणून चहा त्यांच्याच खोलीवर व्हायचा.

हे सगळं भाईंदरला गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले तेव्हाचं. एका वेबसाइटवर शिक्षकांची नावं फुकटात टाकतात असं कळलं, म्हणून आम्हीही टाकली. विद्यार्थी एकही आला नाही. ठगांचे ई-मेल मात्र आले, आणि काय एकेक आले! ते ठग आहेत हे अर्थात आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

नावं टाकायला ई-मेल आयडी लागतो, हे आम्हाला नया नगरच्या सायबर कॅफेत कळलं. तिथल्या इरफानभाईनं विचारलं, "चार बनाऊं?"

"चार कशाला?" भोईर म्हणाला. "आमी चौघा एकत्रच असतो ना!"

म्हणून चौघांत मिळून एकच आयडी झाला. मग इरफानभाई म्हणाला, "अब पासवर्ड बोलो. लेकिन धीरे बोलना, ये सीक्रेट होता है."

धीरे? आयुष्यभर वर्गात ओरडणारी माणसं आम्ही! कांबळे सरांनी 'त्रिकोण' सुचवलं. मी 'अनुस्वार' म्हटलं. भोईरला 'निवटी' हवं होतं, कारण खाडीच्या चिखलातला तो मासा त्याच्या घरी सगळ्यांना आवडायचा. वाद पेटला. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेले लोक आपलं काम सोडून मतं द्यायला लागले. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि 'निवटी' बहुमतानं निवडून आलं. स्पेलिंगवर पुन्हा वेगळी चर्चा झाली.

इरफानभाईनं कपाळाला हात लावला. "मॅडम, अब ये सीक्रेट सिर्फ उसको मालूम नहीं जो आज कॅफे में आया नहीं!"

*

मेल आला की इरफानभाई प्रिंट काढून ठेवायचा आणि आमच्यापैकी जो दिसेल त्याच्या हातात द्यायचा. पहिला मेल आला त्या दिवशी ताईंच्या खोलीत पेढे आले होते.

परदेशातल्या कोणा साहेबाचा मेल होता. मुलगा सुट्टीत भारतात येतोय, त्याला 'युवर सब्जेक्ट' शिकवाल का, पैसे आधीच पाठवतो. वरती फक्त 'डिअर टीचर'.

आता 'युवर' म्हणजे कोणाचा? चौघांचा आयडी एकच! मी म्हणाले, सरांचा असेल, गणित जगभर लागतं. सर म्हणाले, ताईंचा असेल, आपलं संगीत तिकडे फार मानतात. असं आम्ही 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत बसलो. खरं तर प्रत्येकाला तो स्वतःलाच हवा होता.

शेवटी भोईर म्हणाला, "यानं सब्जेक्टचं नाव लिवलंय का? न्हाय. मंग पोहनंच हाय. पोहनं कुठं सब्जेक्ट हाय?"

या हिशेबानं विद्यार्थी भोईरला मिळाला.

*

भोईर पाण्याच्या बाबतीत एकदम कडक. पोराची उंची कळल्याशिवाय तो कोणालाच पूलमध्ये उतरवत नाही. त्यानं इरफानभाईकडून पहिला प्रश्न टाइप करून घेतला, मुलाची उंची किती?

उत्तर आलं, "उंचीची काळजी नको. तिचेही पैसे मी देईन."

भोईरनं तो कागद घडी करून खिशात ठेवला. "बाय," तो मला म्हणाला, "मानूस लय श्रीमंत हाय. पन पोराला मी चार फुटातच ठेवनार."

त्याचं तत्त्व तत्त्व होतं. उंची आकड्यात कळेपर्यंत तो पुढचं काही बोलायलाच तयार होईना. तीन-चार मेल गेले. मग साहेब कंटाळला असावा, कारण तो पुन्हा कधी दिसला नाही.

*

दुसरा मेल मला आला. म्हणजे माझी पाळी होती. मी उलट लिहिलं की मी मराठी शिकवते, चालेल ना? उत्तर आलं, आनंदानं चालेल, जुळ्या मुली आहेत, दोघींनाही शिकवा.

मला काय झालं सांगू! इथे समोरच्या विंगमधल्या मुलांना मराठी नकोशी, आणि परदेशातून दोन मुली मराठी शिकायला येणार! मी जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोनं डोळे मोठे करून विचारलं, "मराठी के लिए? उधर से?" मी मान ताठ करून म्हटलं, "हां, उधर से."

त्याच तोऱ्यात मी पुढचा मेल केला. मुलींची थोडीफार तयारी आहे का? दोन दिवसांनी प्रिंट हातात आली. साहेबानं लिहिलं होतं, "काळजी नसावी. माझ्या मुलींकडे स्वतःची मराठी आहे. येताना त्या ती सोबत घेऊन येतील. फक्त तारा बदलाव्या लागतील."

ताई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी मात्र मनापासून हळहळले. माझ्या वर्गातली मुलं मराठीचं पुस्तकसुद्धा घरी विसरून येतात हो!

*

तिसरा कांबळे सरांचा. सर गणिताचे असले तरी चूक दिसली की त्यांचा हात थांबत नाही. लग्नाच्या पत्रिकासुद्धा ते तपासून परत देतात. त्यांना आलेल्या मेलमध्ये तर एकही वाक्य सरळ नव्हतं.

"हा माणूस लिहायलाय काय?" सर वैतागले. "क्रियापद एकीकडं, कर्ता एकीकडं!"

त्यांनी लाल पेननं अख्खा कागद दुरुस्त केला, वीसपैकी सात मार्क दिले आणि दुरुस्त केलेला मजकूर इरफानभाईकडून टाइप करून त्या साहेबाला परत पाठवला. खाली शेरा, "प्रयत्न करा. जमेल."

आठवडाभरात पुन्हा मेल आला. मागणी तीच होती, पण सरांनी केलेली एकूण एक दुरुस्ती त्यात होती! स्वल्पविरामसुद्धा जागेवर!

सरांचे डोळे पाणावले. "मॅडम, इतकी वर्षं शिकवायलोय," ते मला म्हणाले, "दिलेली करेक्शन्स लिहून आणणारा हा पहिलाच."

*

आता ताईंचं सांगते.

ताईंचा एक नियम होता. सा लागल्याशिवाय फी घ्यायची नाही. मूल आलं की त्या हार्मोनियमवर सूर धरायच्या आणि त्याला सा लावायला सांगायच्या. एक दिवस, आठवडा, कधी महिना. सा लागला की पेटीवर फूल ठेवायचं आणि मग फी. तोवर पैशाला हात नाही. त्यांच्या गुरूंनी त्यांना असंच घेतलं होतं म्हणे.

नियम सुंदर होता, पण त्यानं क्लास चालत नव्हता. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कीबोर्डचा क्लास निघाला होता. तिथे पहिल्या दिवशी फी आणि दुसऱ्या महिन्यात सर्टिफिकेट. ताईंची मुलं एकेक करून तिकडे सरकली. त्यात खोलीच्या मालकाला डिपॉझिट वाढवून हवं होतं. महिनाअखेर दिलं नाही तर खोली खाली करायची. यजमान गेल्यापासून त्या खोलीवरच ताईंचं सगळं होतं. त्यांनी काटकसर करून डिपॉझिटसाठी थोडे पैसे बाजूला ठेवले होते, पण ते पुरे पडत नव्हते. आम्ही तिघंही काही देऊ शकू अशा परिस्थितीत नव्हतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि अशा वेळी ताईंना मेल आला. कोणी डॉक्टर होते. मुलगी उन्हाळाभर गाणं शिकायला येणार, सगळी फी आगाऊ. इंग्रजी असं स्वच्छ की कांबळे सर प्रिंट वाचून म्हणाले, "असं लिहिता आलं पाहिजे माणसाला!" ती वाक्यं त्यांचीच होती, लाल पेनवाली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ताईंनी नेहमीचंच उत्तर दिलं, आधी मुलीनं फोनवर सा लावावा. इरफानभाईनं आपल्या परीनं टाइप केलं, खाली ताईंचा मोबाइल नंबर आणि पत्ता. उत्तर आलं, "सा चेकमध्ये धरलेला आहे."

आणि खरोखरच कुरिअरनं चेक आला! ठरल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या रकमेचा. सोबत निरोप, चेक बँकेत भरा, वरचे पैसे मुलीला घेऊन येणाऱ्या बाईंच्या तिकिटासाठी दिल्लीच्या एका खात्यात लगेच पाठवा. लगेच पाठवायचे म्हणजे ताईंनी डिपॉझिटसाठी ठेवलेल्या पैशांतूनच.

पैसे मागणारा ठग असतो, हे आम्हाला माहीत होतं. पैसे पाठवणारा ठग असेल, त्याचा चेक मागाहून खोटा निघेल, असं मनातसुद्धा आलं नाही. आम्ही तिघं ताईंच्या मागेच लागलो. "ताई, भरा चेक!" भोईर तर हात जोडून म्हणाला, "ताई, खोली ऱ्हायली तरच सा ऱ्हाईल."

ताईंनी चेक पेटीशेजारी ठेवला. "सा लागलेला नाही अजून," त्या म्हणाल्या. चार दिवस तो तिथेच पडून होता. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग मालक स्वतः येऊन दारात उभा राहून गेला. त्यानंतर ताई एवढंच म्हणाल्या, "बरं. उद्या भरते." पेटीकडे न बघता म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही चहा घेत असताना त्यांचा मोबाइल वाजला. लांबचा नंबर होता. ताईंनी स्पीकर लावला. पलीकडून एक पुरुषी आवाज घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, डॉक्टर बोलतोय. चेक भरला का?" सगळं इंग्रजीत.

ताईंचं इंग्रजी बेताचं. "टुमॉरो," त्या म्हणाल्या. मग पेटी पुढे ओढली. "फर्स्ट, सा. डॉटर कुठे? व्हेअर?"

"तिला सर्दी झालीय."

"देन यू," ताई म्हणाल्या. "फादर, यू सिंग."

मला वाटलं, आता तो फोन ठेवणार. ताईंनी पेटीचा भाता हलवला, काळी एक पट्टीचा सूर धरला आणि मोबाइल पेटीजवळ नेला. "सा," त्यांनी म्हणून दाखवलं. "कम. सिंग."

आणि तो माणूस गायला हो! आधी लाजत, घशातल्या घशात. "नो, नो. अप," ताई म्हणाल्या. त्यानं पुन्हा लावला. "टू मच अप. कम डाउन." पुन्हा. ताई वर्गात मुलांशी बोलतात तशाच बोलत होत्या, जराही आवाज न चढवता. "ब्रेथ घ्या. स्लो. अगेन."

किती वेळ गेला कोण जाणे. चहा निवून गेला होता. कांबळे सर ताठ बसले होते, भोईरनं तर श्वासच धरून ठेवला होता. आणि मग अचानक तो आवाज पेटीच्या आवाजात मिसळला. पेटी कुठली आणि माणूस कुठला, कळेना. ताईंनी भाता सोडला तरी तो सूर तसाच चालू होता, सरळ, एकट्याचा. श्वास संपला तेव्हाच तो थांबला.

"गुड," ताई म्हणाल्या. "व्हेरी गुड."

मग तो बोलला. घाई गेली होती आवाजातली.

"मॅडम, प्लीज. तो चेक बँकेत भरू नका. कोणालाही पैसे पाठवू नका."

आणि फोन बंद झाला.

"ताई," भोईरनं हळूच विचारलं, "काय बोल्ला तो?"

ताईंनी खिडकीतल्या कुंडीतलं एक फूल तोडलं आणि पेटीवर ठेवलं.

"सा लागला त्याचा," त्या म्हणाल्या.