पत्रिकेतला वाकडा शनी

बहिणीचं जमत आलेलं लग्न मी एका कप चहात कसं मोडत आणलं, ते ऐकाच आता. हसायचं असेल तर हसा, घरचे अजून हसतात.

मी चित्रांचा इतिहास शिकवतो. मध्ययुगातल्या चित्रकारांनी ग्रह काढले, त्यात शास्त्र किती अन् श्रद्धा किती, हा माझा अभ्यास. आता हे चारचौघांत कसं सांगायचं?

माझी धाकटी बहीण पल्लवी. तिनं स्टील प्लांटमधला मुलगा स्वतःच पसंत केलेला. त्याचे आईवडील दुर्गहून आमच्या स्मृति नगरच्या घरी आले. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, पत्रिका पाहिल्याशिवाय पुढं न सरकणारे. आईनं माझी ओळख करून दिली, "हा आमचा मोठा. ग्रहांवरच पीएचडी केली यानं."

काकांनी लगेच पिशवीतून मुलाची पत्रिका काढून मला दिली. लांब गुंडाळी, तिच्यावर नऊही ग्रहांची रंगीत चित्रं. मी तर हरखलोच. आजकाल कोण काढतं हो अशी?

"कशी वाटते?" काका म्हणाले.

"शनी पार वाकडा आहे," मी म्हणालो. "मंगळ तर बिघडलेलाच."

काकांनी कप खाली ठेवला. "काही उपाय?"

"आता काही होत नाही. फक्त जपायचं. उष्णतेपासून एकदम दूर."

"अन् फर्नेसवरच्या ड्युटीचं काय मग?" काकू रडवेल्या झाल्या.

मला वाटलं, मुलगा पत्रिका सोबत घेऊन फिरतो. "फर्नेसजवळ चुकूनही नको. घरीच कपाटात ठेवा. दोन डांबरगोळ्या टाकून."

"पोराले?" काका ओरडले.

दारातून पल्लवी कळवळून म्हणाली, "काका, दादा चित्राबद्दल बोलून राहिला. पत्रिकेबद्दल नाही."

"हो ना," मी घाईघाईनं सावरलं. "पत्रिका चांगलीच असेल. ज्यानं काढली त्याला ब्रश धरता येत नाही, एवढंच."

"मीच काढली," काका म्हणाले. "पोरगा झाला तेव्हा."

मग काकूंनी तोंडाला पदर लावला अन् हसत सुटल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं यायले, शनी पडून राहिला म्हणून. जाऊ द्या, मले पोरगी पसंत आहे."

लग्न वाचलं. पण काकांचं माझ्याकडं बघणं काही थांबेना.

"म्हणजे तुमाले भविष्य सांगता येत नाही?"

"नाही."

"चित्र काढता येते?"

"तेही नाही."

"मग करता काय जी तुमी?"

आई पोह्यांची बशी ठेवत म्हणाली, "मी पण हेच विचारून राहिली याले, कवापासून."