जा, चहा पिऊन या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, रविवारी मी शिकवून दमतो. दमतो हे खरं — कशानं, ते तिला ठाऊक नाही.

मी कंपनीत स्टोअरला आहे. सुटीच्या दिवशी कारेगावात, एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत, प्रोग्रॅमिंगचा क्लास घेतो. अगदी पहिल्या पायरीचा. येणारी पोरं-पोरी बहुतेक लाईनवर काम करणारी, डोळे चोळत येतात. फळ्यावरचा प्रोग्रॅम टाइप करतात — आणि तो चालत नाही. एखादं चिन्ह सुटतं, एखादी ओळ मागं-पुढं होते, स्क्रीनवर लाल अक्षरं येतात. खरं शिकणं तिथंच असतं, आपली चूक आपण शोधण्यात. पण त्याला वेळ लागतो, आणि कंटाळलेलं पोर पुढच्या महिन्यात फिरकत नाही. मग मी काय करायचो? म्हणायचो, "जा, चहा पिऊन या." सगळी खाली टपरीवर गेली की एकेका मशीनपुढं बसून चुका काढून टाकायचो. परत आली की प्रोग्रॅम चालायचा. मशीन अडलं होतं, असं सांगायचो. पोरं खूश.

साधी थाप — नाही का? मीही तसंच धरून चाललो होतो.

वैशाली खुटबावची. कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची, पॅकिंगला होती. अर्धी बॅच तिच्या शब्दावर आलेली. एकदा क्लास सुटल्यावर ती मागं थांबली.

"सर, कंपनी मला पर्मनंट करायला निघालीय. पर मला ह्यातच जायचंय. सोडून पुण्याला जाऊ का? जमंल का वो मला? खरं सांगा."

खरं सांगायचं तर चहाचंही सांगावं लागलं असतं. ती गेली असती, तिच्यामागं बॅच गेली असती — आणि मी कुठल्या तोंडानं शिकवलं असतं? म्हणालो, "जमेल की. तुझं कधी अडलंय का?"

तिनं नोकरी सोडली.

पुण्यात पहिल्याच मुलाखतीत तिला एक छोटासा प्रोग्रॅम लिहायला दिला. लाल अक्षरं आली आणि ती नुसती बघत बसली. दुसरीकडं तेच, तिसरीकडंही तेच. शेवटी क्लासवर आली. "सर, तुमचं नाव घालवलं मी. हितं सगळं यायचं, तिथं हातच चालंना. माझंच डोस्कं कमी."

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी काय म्हणालो — "असू दे. सगळ्यांनाच जमतं असं नाही." तिनं मान हलवली. पहिल्या थापेपेक्षा मला या वाक्याची जास्त लाज वाटते.

कंपनीनं तिला परत घेतलं नाही. आता ती वरवंडला एका कापडाच्या दुकानात काम करते. यंदा तिची धाकटी बहीण कोमल कारेगावात कामाला आली. तिला क्लासला वैशालीनंच पाठवलं. "ताई म्हंती, सर लय चांगलं शिकवत्यात. तिलाच न्हाई जमलं."

गेल्या रविवारी कोमलच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली. ती खुर्ची पुढं ओढून, ओठ हलवत एकेक ओळ वाचत होती. थोडा वेळ दिला असता तर सापडली असती तिला चूक. बाकीची पोरं जांभया देत होती.

मी म्हणालो, "जा, चहा पिऊन या."